पण पॉइंट कुठाय?

माझ्या मामाला निसर्ग फार आवडतो. फक्त त्या निसर्गाला रेलिंग लागतं, नावाची पाटी लागते आणि पाटीपासून हाकेच्या अंतरावर भजी लागतात. एवढं जमलं की मागे दरी असो, डोंगर असो नाहीतर पाण्याची टाकी असो, मामा खूश.

मामा नारायण पेठेतला, बँकेतून रिटायर झालेला, आणि बँकेतली शिस्त त्याने फिरण्यातही जशीच्या तशी आणलीये. त्याच्याकडे एक जुनी डायरी आहे, त्यात प्रत्येक ठिकाणाला एक पान, पानावर तिथले पॉइंट आणि बघून झाला की पुढे टिक. महाबळेश्वरचं पान तर दाखवायला काढतो तो पाहुण्यांना. विल्सन पॉइंट टिक, केट्स पॉइंट टिक, एलिफंट्स हेड टिक, लॉडविक टिक. आर्थर सीटपुढे 'ढग होते, परत येणे' असं लिहिलंय आणि तो परत गेलाही खरंच, का तर एंट्री पेंडिंग दिसत होती म्हणून.

यात मामाचा दोष नाही हं, खरा दोष साहेबाचा. माथेरान १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने शोधून काढलं म्हणे, म्हणजे त्याआधी तिथे राहणाऱ्या लोकांना बिचाऱ्यांना आपला डोंगर हरवलाय हे माहीतच नव्हतं. मग साहेब जिथे जिथे कड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला तिथे तिथे पॉइंट झाला. कुणाच्या मुलीचं नाव दे, कुणाच्या साहेबाचं दे, केट ही गव्हर्नर माल्कमची मुलगी. साहेब गेला, पॉइंट राहिले, आणि आपल्या लोकांचा पक्का समज झाला की निसर्ग हा पॉइंटापॉइंटातच मिळतो, मधला जो असतो तो नुसता रस्ता.

आता यात माझं काय बिघडलं, तर घरात एखादं माणूस शनिवार रविवार बूट चढवून डोंगरात जाणारं असलं ना, की अख्ख्या खानदानाच्या ट्रिपा त्याच्या गळ्यात पडतात. "तुला माहीत असतं गं सगळं, तूच ठरव." मी ठरवते. मग मामाचा फोन येतो आणि मी जे काही नाव घेईन त्यावर एकच प्रश्न, "तिथे बघायचं काय?"

"दरी आहे मामा. खूप सुंदर."

"दरी म्हणजे... नुसती?"

या 'नुसती'ला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

ताम्हिणीचंच घ्या. मी म्हणलं होतं सकाळी सहाला निघू म्हणजे ट्रॅफिक लागणार नाही. मामीची थालीपिठं होऊन निघायला सात वाजले, पण त्याने काही बिघडलं नाही कारण ट्रॅफिक टाळायला लवकर निघायची आयडिया अख्ख्या पुण्याला सुचलेली होती, त्यामुळे ट्रॅफिक सहापासूनच होता. चांदणी चौक गेला, भूगावला थांबलो, पिरंगुटला थांबलो, मामाने तेवढ्यात मागच्या सीटवरून मुळशी सत्याग्रह सुरू केला. १९२१ साल, टाटांचं धरण, पाण्याखाली जाणारी गावं, सेनापती बापट. सांगतो छान तो, प्रश्नच नाही, पण गाडी इतकी जागची हलत नव्हती की सत्याग्रह होऊन, बापट तुरुंगात जाऊन, सुटून परत आले तरी आम्ही पौडातच.

घाटात पोचलो तर धुकं. म्हणजे गाडीचं बॉनेट दिसत नव्हतं असं धुकं. मी काच खाली केली, गार वारं आत आलं, कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता आणि मधेच धुकं जरा फाटलं की समोरच्या काळ्या कड्यावरून पाच-सहा पांढऱ्या धारा खाली येताना दिसायच्या आणि परत पुसल्या जायच्या. मला तर बोलायलाच सुचेना. मामा म्हणाला, "काहीच दिसत नाहीये."

"हेच बघायचं असतं मामा."

"काय? काहीच दिसत नाहीये, हे?"

मग मी शास्त्र काढलं. म्हणलं, हे बघ, अरबी समुद्रावरून भरून आलेलं वारं कोकणातून सरळ येतं आणि या सह्याद्रीच्या भिंतीला धडकतं, पुढे जायला जागा नाही म्हणून वर चढतं, वर गेलं की गार होतं आणि सगळं पाणी इथेच ओततं, म्हणून ताम्हिणीत एवढा धो धो आणि आपल्या पुण्यात नुसते शिंतोडे. मामाने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे आपल्या वाटणीचा पाऊस हे लोक आधीच काढून घेतात," तो म्हणाला, "आणि याच्यावर कुणी काही बोलत नाही?"

शेजारी एक एसयूव्ही उभी होती, तिच्या टपावर दोघं शर्ट काढून नाचत होते आणि डिकीतल्या स्पीकरवर जे चालू होतं ते ऐकून धबधब्यानेही वरच थांबायचा विचार केला असेल. यांच्यासाठीच दर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात आणि आपण घरून डबा घेऊन आलेली माणसं त्यात सापडतो. असो. मामाचा पेन बाहेर आलेला होता, डायरी मांडीवर होती आणि तो दोन्ही बाजूंना पाटी शोधत होता. एवढं पेट्रोल जाळून कोरं पान घेऊन परत जायचं म्हणजे त्याला किती लागलं असेल मला कळत होतं. शिवाय मला भूक लागलेली. मी म्हणलं, "मामा, हा धुके पॉइंट."

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं!"

उतरला की तो खाली. टोपी सारखी केली, मामीला शेजारी घेतलं, माझ्या नवऱ्याला फोटो काढायला लावला. फोटोत दोन माणसं आणि बाकी सगळं पांढरं, पासपोर्ट साइजला चालला असता. मग डायरीत सावकाश लिहिलं, धुके पॉइंट, ताम्हिणी, टिक. परतीच्या वाटेवर मामी म्हणाली, "बाई, आज काहीतरी बघितल्यासारखं वाटलं." नवऱ्याने आरशातून माझ्याकडे जे बघितलं ते मी बघितलं नाही.

तेव्हापासून मी सुटले. भीमाशंकरला नेलं, तिथे देवळाचं पान त्याचं आधीच भरलेलं होतं, पण अभयारण्यात शेकरू बघायचं म्हणजे मान वर करून तासभर गप्प उभं राहायचं, राज्यप्राणी असला म्हणून तो काही रेलिंगपाशी येऊन बसत नाही. आम्हाला एका झाडाच्या शेंड्याला नुसतं घरटं दिसलं. म्हणलं, शेकरू निवास पॉइंट. टिक.

कासला मात्र अवघड गेलं. कास पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं, ऑनलाइन बुकिंग करायचं, स्लॉट घ्यायचा, रोज ठरावीक माणसंच आत सोडतात. एवढं सगळं ऐकून मामाची अपेक्षा फार वाढलेली. त्याला वाटलं एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाची मोठी आवृत्ती असणार, कुंड्या मांडलेल्या, गालिचे, मधे कारंजं. आणि तिथे बघतो तर जांभ्या दगडाचा सपाट सडा, त्यावर बोटभर माती आणि त्या मातीत गुडघ्याच्याही खाली सगळा कारभार. लांबून गुलाबी दिसतो तो तेरडा, पिवळी ती सोनकी, पण खरी गंमत वाकल्याशिवाय दिसत नाही आणि आमच्यात वाकणारं माणूस मी एकटीच.

मी उकिडवी बसून मामीला दाखवलं. ओल्या गवतात, नखाएवढं, जांभळ्या-निळ्या रंगाचं, मधे पांढरा ठिपका, दांडी इतकी बारीक की फूल हवेतच ठेवलंय असं वाटावं. "ही सीतेची आसवं," मी म्हणलं. मामी लगेच हळवी झाली, "अगंबाई, वनवासातली का गं?" मग मला उगाच सगळं सांगायची हौस. म्हणलं, मामी, ही दिसते अशी पण कीटकभक्षी आहे हं, खाली तिला बारीक बारीक पिशव्या असतात, पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढून घेऊन पचवते, कारण या सड्यावरच्या मातीत पोटाला काही मिळतच नाही. मामीचा चेहरा बदलला. "काहीतरीच," ती म्हणाली, "सीता असं करणार नाही." आणि मग पूर्ण दिवस ती त्या फुलांपासून जरा लांबूनच चालली.

मामा तोवर गार्डशी बोलून टोपली कारवीची माहिती काढून आला. ही सात वर्षांतून एकदा फुलते हे ऐकून तो विचारात पडला. यंदाचं वर्ष तिचं नव्हतं. वय, बीपी, गुडघे सगळं धरून त्याने मनात हिशोब केला आणि म्हणाला, "मी टिक आत्ताच करून ठेवतो." बँकेत याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण मी तरी अडवलं नाही.

लांबच्या ठिकाणांचं तर विचारूच नका. एकदा हौसेने केरळच्या सायलेंट व्हॅलीचं नाव काढलं. म्हणलं, तिथे कुंती नदीवर वीजप्रकल्प होणार होता, लोक उभे राहिले, शास्त्रज्ञ, कवी सगळे, प्रकल्प थांबला आणि १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. नाव असं का, तर तिथे रातकिड्यांची किरकिर नाही म्हणून, असं सांगतात. मामा म्हणाला, "म्हणजे बघायला दरी आणि ऐकायला तेही नाही." विषय संपला.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सवर मात्र मी अडून बसले कारण ते माझं स्वतःचं स्वप्न आहे. त्यांच्या घरी जाऊन, चहा झाल्यावर, फोनवर नकाशा उघडून नीट सांगितलं. उत्तराखंड, चमोली जिल्हा. १९३१ साली फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती कामेट शिखर चढून उतरताना या खोऱ्यात आले आणि फुलं बघून थक्कच झाले. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघडं, फुलं खरी जुलै-ऑगस्टात. गोविंदघाटकडून चढून घांगरियाला मुक्काम, दुसऱ्या दिवशी आत जायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर, आत राहायची परवानगी नाही.

"पॉइंट?"

मी तयारीत होते. म्हणलं, आहे. जोन मार्गारेट लेग नावाची एक बाई होती, वनस्पती गोळा करायला १९३९ साली तिथे आली, कड्यावरून घसरून गेली. तिची समाधी आहे खोऱ्यात, दगडावर नावसुद्धा कोरलंय.

"म्हणजे पाटी आहे," मामा सरसावून बसला. मामीने हात जोडले, मग तिला कुणाला जोडले ते कळेना, पण जोडले. शेजारच्या फाट्याला हेमकुंड साहिब आहे हे सांगितल्यावर तर दर्शनाचीही सोय झाली. सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात मामाने विचारलं, "आणि आत खायला काय मिळतं?"

"आत एकही दुकान नाही. डबा आपला आपण न्यायचा, कचरा परत आणायचा."

"किती मोठं आहे म्हणालीस?"

"सत्त्याऐंशी चौरस किलोमीटर."

मामा बराच वेळ काही बोललाच नाही. सत्त्याऐंशी चौरस किलोमीटर आणि एक भजं नाही, हे त्याच्या आत कुठे बसेना. शेवटी म्हणाला, "त्यापेक्षा सिंहगड काय वाईट आहे?" आणि वाईट नाहीच ना, तिथे पिठलं-भाकरी आहे, मडक्यातलं दही आहे, कल्याण दरवाजा आहे, तानाजीची समाधी आहे, पान कधीच भरलेलं असूनही तो दर महिन्याला जातो. माझं व्हॅली ऑफ फ्लॉवर्स नवऱ्याच्या रजेवर आणि मामाच्या भज्यांवर अजून अडलेलंय.

यात मी ज्याचा विचार केला नव्हता ते असं, की मामा रोज सकाळी तळजाईला फिरायला जातो आणि तिथे त्याचा मोठा ग्रुप आहे. सगळे रिटायर, सगळ्यांकडे वेळ, सगळ्यांकडे व्हॉट्सॲप. धुके पॉइंट आधी त्या ग्रुपमध्ये गेला, तिथून कुणाच्या सोसायटीत, तिथून आणखी कुठे. एक दिवस माझ्याच ऑफिसातली मुलगी मला विचारते, "मॅम, तुम्ही इतक्या फिरता, तुम्हाला ताम्हिणीतला धुके पॉइंट माहितीये का?" मी म्हणलं ऐकून आहे.

परवा पाहुणे आले म्हणून परत तिकडे जावं लागलं. तेच वळण. फक्त तिथे आता निळी ताडपत्री, खाली मॅगीची शेगडी, कणसांचा ढीग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पत्र्यावर लाल रंगात, 'धुके पॉइंट. पार्किंग ५० रु.' आणि वर लख्ख ऊन, पार खालपर्यंत सगळी दरी स्वच्छ दिसत होती, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे पाटीपाशी फोटोच्या लायनीत.

"आज धुकं नाहीये रे," मामा काच खाली करून म्हणाला.

"येईल काका, चारनंतर येतं. तोवर गाडी लावा, पन्नास द्या."

मामा भडकला. दार उघडून उतरला, डायरी काढली, तारखेसकट पान उघडून त्या पोराच्या नाकापुढे धरलं. "अरे, हा पॉइंट आम्ही काढलाय! आमच्याकडून कसलं पार्किंग घेतोस?"

पोराने डायरीकडे बघितलंही नाही, कणसाला लिंबू चोळत म्हणाला, "काका, सकाळपासून हे सांगणारे तुम्ही तिसरे."