नेवारी ही नेपाळीची बोली नाही

‘नेपाळमध्ये एकच भाषा, नेपाळी, नेवारी ही तिचीच बोली, आणि लिपी आपलीच देवनागरी,’ असा मजकूर सध्या फिरतोय. त्यातलं एवढंच खरं की नेपाळी देवनागरीत लिहितात. बाकीचं चूक आहे.

नेपाळी आपल्या मराठीच्याच कुळातली, इंडो-आर्य. तिथेही घर म्हणजे घर, भात म्हणजे भात, पाणी म्हणजे पानी. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाच्या घरात मात्र घराला ‘छेँ’, भाताला ‘जा’ आणि पाण्याला ‘लः’ म्हणतात. कारण त्यांची नेवारी तिबेटो-बर्मन कुळातली आहे. गंमत म्हणजे ‘नेपाल भाषा’ हे नाव मूळचं तिचंच. आजची नेपाळी पूर्वी खस कुरा किंवा गोरखाली म्हणून ओळखली जायची.

नेवारीच्या लिप्याही स्वतःच्या आहेत: प्रचलित आणि रंजना. रंजनाची अक्षरं एकाखाली एक रचून कूटाक्षर करतात. ते पाहताना नजर हटत नाही. हीच लिपी तिबेटी मठांतही पोचली.

नेपाळवर राणा घराण्याची सत्ता होती तेव्हा नेवारीत लिहिल्याबद्दल लोक तुरुंगात गेले. कवी चित्तधर हृदय यांनी बुद्धचरित्रावरचं ‘सुगत सौरभ’ हे महाकाव्य कैदेतच लपूनछपून लिहिलं. ज्या भाषेसाठी माणसांनी एवढं सोसलं, तिला बोली म्हणून निकालात काढणं मला फार लागतं.

२०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये १२४ मातृभाषांची नोंद झाली. २०१५ च्या संविधानानुसार तिथे बोलल्या जाणाऱ्या सर्व मातृभाषा राष्ट्रभाषा आहेत. देवनागरीतली नेपाळी ही सरकारी कामकाजाची भाषा. तो मजकूर कुणी पाठवला, तर कृपया पुढे ढकलू नका.