‘एसीत बसून’ म्हणणाऱ्या वाचकास

नवजात बाळांच्या थायरॉइड तपासणीतूनच त्या भागातली आयोडीनची कमतरताही बघावी, या माझ्या लेखाखाली ‘परभणीकर’ या नावाने प्रतिक्रिया आलीय. म्हणणं असं: आयोडीनची कमतरता बघायला शाळेतल्या पोरांची लघवी तपासली की भागतं; आपल्याकडे बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी जाते, म्हणून बाळाच्या टीएसएचचे (आयोडीन किंवा थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाचे) आकडे फसवे निघतात; आणि ‘एसीत बसून लेकरांच्या टाचांना सुया टोचा म्हणायला काय जातंय!’

मुद्द्यावर बोला, माझी ना नाही. पण ही काय भाषा झाली? कुठला एसी? बीड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. तिथं पंखासुद्धा लाइटीच्या मर्जीवर फिरायचा. एका तपासणी मोहिमेत लेकरांच्या टाचा मी स्वतः टोचल्यात. मधोमध नाही, कडेला टोचायचं. पहिला थेंब पुसायचा, दुसरा फिल्टर पेपरच्या गोलात असा मुरू द्यायचा की डाग मागून दिसला पाहिजे. मग कार्ड आडवं ठेवून सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं की नमुना वाया. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक आजी ‘लेकराचं रगत काढतूस व्हय रं?’ म्हणत माझ्या अंगावर आली होती. तिचा राग मला पटला. ती निदान समोर उभी होती, टोपणनावाआड नव्हती.

आणि लेकरांची कणव फक्त तुम्हालाच, हा जो सूर आहे ना, तो जास्त लागला. अहो, थायरॉइड जन्मतःच कमी असलेलं बाळ पहिले काही दिवस चांगलं गुटगुटीत दिसतं. गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर बुद्धी वाचते; उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. आपल्या देशात साधारण हजारात एका बाळाला हे असतं. सुई त्यासाठी टोचायचीच आहे. त्याच थेंबांचे आकडे एकत्र केले की आयोडीनचंही कळतं: टीएसएच 5 मिलियुनिट प्रतिलिटरच्या वर गेलेली बाळं शंभरात 3 पेक्षा कमी असतील, तर त्या भागात आयोडीन पुरेसं. जादा सुई आली कुठून?

हां, बाळंतपणात आयोडीनचं जंतुनाशक वापरलं तर बाळाचा टीएसएच वाढू शकतो, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय ते बरोबर. लेखात यायला हरकत नव्हती.

पहिले एक-दोन दिवस टीएसएच आपोआप चढलेला असतो, हे मलाही शिकवलंय. आशाताई तिसऱ्या दिवशी बाळाला बघायला घरी जातातच, वेळ जमवता येते. लघवीचं म्हणाल तर ती नको असं मी म्हटलंच नाही. ती शाळकरी पोरांचं सांगते, पोटातल्या बाळाला काय मिळालं ते नाही.

बाजारातल्या खड्याच्या मिठाचं विचारलंत. खायला म्हणून बिनआयोडीनचं मीठ विकायला 2006 पासून बंदी आहे. त्यावर वेगळं लिहीन. त्याखाली लिहाल तेव्हा खऱ्या नावाने लिहा. मागच्या लेखावरचे ‘नांदेडकर’ कोण होते, ते उद्गारचिन्हांवरून कळलंय.