प्रेरणा पुरे, रहस्यकथा द्या

१५ ऑक्टोबरला महाराष्ट्रात दोन दिन एकत्र येतात. एक डॉ. कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, जो आपल्या सरकारने २०१५ पासून सुरू केला, आणि दुसरा जगभर पाळला जाणारा पांढरी काठी दिन. अंधांच्या ग्रंथालयांची त्यामुळे मोठी सोय होते, एकाच हारात आणि एकाच चहात दोन्ही उरकतात. पाहुणे येतात, "तुमच्याकडे बघून आम्हालाच प्रेरणा मिळते" म्हणतात, पुस्तकांचा संच भेट देतात आणि जातात. संचात काय असतं ते मी न उघडता सांगतो. हेलन केलरचं चरित्र, लुई ब्रेलचं चरित्र, संकटावर मात केलेल्या कुणाची तरी कहाणी, यशस्वी होण्याची सूत्रं आणि सुविचारांचं एखादं पुस्तक.

लुई ब्रेलबद्दल मला आदर आहे, गैरसमज नको. पंधरा वर्षांच्या पोराने सहा ठिपक्यांत सगळी अक्षरं बसवली, हे थोर काम आहे. पण आम्ही जन्मभर त्याचंच चरित्र वाचत बसावं म्हणून काही त्याने ती लिपी केली नव्हती.

मी बँकेत नोकरी करतो. माझी दृष्टी कॉलेजात असताना गेली, त्यामुळे पुस्तकं डोळ्यांनी कशी निवडतात ते मला आठवतं. अप्पा बळवंत चौकात उभं राहून दहा पुस्तकं उचलायची, मलपृष्ठ वाचायचं, मधलंच पान उघडून दोन परिच्छेद बघायचे, नऊ परत ठेवायची. त्या नऊ नकारांना पैसे पडत नाहीत आणि वेळही लागत नाही. डोळस वाचकाची आवडनिवड घडते ती या फुकटच्या नकारांतून. अंध वाचकाकडे नेमकं हेच नसतं. मला एखादं पुस्तक नावडतं आहे हे कळायला ते मिळवावं लागतं, फोनमध्ये उतरवावं लागतं आणि अर्धा तास ऐकावं लागतं. म्हणून आमच्या ग्रंथालयात शिफारशीचं महत्त्व फार. डोळस माणसाला शिफारस हा जादाचा सल्ला, आम्हाला ती म्हणजे अख्खं कपाट. आणि ते कपाट भरतं कोण? तर सहसा ज्याला ती पुस्तकं स्वतः वाचायची नाहीत असा माणूस.

त्यात आमच्याकडे चुकीच्या निवडीची किंमत मोठी असते. ब्रेलच्या पूर्ण मापाच्या पानावर साधारण चाळीस घरांच्या पंचवीस ओळी मावतात (घर म्हणजे सहा ठिपक्यांची एक जागा), म्हणजे हजाराच्या आसपास घरं. मराठी ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकीला वेगळं घर लागतं, जोडाक्षराला हलन्ताची खूण आणखी आधी येते. कागद जाड, वर ठिपक्यांचा उठाव. साधी तीनशे पानी कादंबरी तीन-चार जाडजूड खंडांत जाते. रेकॉर्डिंग करायचं तर आठ तासांच्या पुस्तकासाठी वाचणाऱ्याला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ बसावं लागतं, कारण खोकला येतो, कुकरची शिट्टी होते, ओळ चुकते. म्हणजे एका वर्षात होणारी पुस्तकं मोजकीच. त्यांतली निम्मी यशाच्या सूत्रांवर गेली तर उरलं काय?

एका ग्रंथालयाच्या संगणकावर मी एकदा निवांत यादी ऐकत बसलो होतो (नाव सांगत नाही, तिथली माणसं मनाने चांगली आहेत). फाइलींची नावं अशी: 'कादंबरी भाग एक फायनल', 'कादंबरी भाग एक फायनल नवीन', 'जोशी मॅडम कथा'. कथा जोशी मॅडमनी लिहिल्यात की वाचल्यात, हे उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही. लेखक, प्रकार, किती तासांचं, आवाज कुणाचा, काही नाही. कॅसेटच्या जमान्यात निदान डबीवर ब्रेलची चिठ्ठी तरी असायची. हे आळसाने होतं असं मला वाटत नाही. वाचक निवडून घेणार आहे, हे यादी करणाऱ्याच्या मनातच आलेलं नसतं. जे आहे ते ऐकतील, असा हिशेब.

अमेरिकेतली पद्धत इथे सांगायलाच हवी. तिथे अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी १९३१ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसची राष्ट्रीय सेवा आहे. बोलकी पुस्तकं आणि ब्रेल खंड फुकट, टपालही फुकट, आणि आता फोनवर उतरवूनही घेता येतात. पण मला हेवा वाटतो तो त्यांच्या दोनच गोष्टींचा. पहिली म्हणजे त्यांच्या प्रादेशिक ग्रंथालयांत फोनवर बसलेला वाचक-सल्लागार. तुम्ही त्याला सांगायचं की मला समुद्रावरच्या गोष्टी आवडतात, युद्ध नको, अमुक निवेदकाचा आवाज सहन होत नाही. ते नोंदवून ठेवतात आणि पुढची पुस्तकं त्या बेताने येतात. दुसरी म्हणजे दर दोन महिन्यांनी निघणारी नव्या पुस्तकांची सूची. प्रत्येक पुस्तकापुढे किती तास-मिनिटं, कुणी वाचलंय, दोन-तीन ओळींत गोष्ट काय आहे, आणि शेवटी कोरड्या आवाजात एक सूचना: शिवीगाळ आहे, हिंसा आहे, लैंगिक वर्णनं आहेत.

ही शेवटची सूचना मला फार सभ्य वाटते. ते पुस्तक काढून टाकत नाहीत की वाचू नका म्हणत नाहीत. सांगतात आणि बाजूला होतात. मग हेडफोन लावायचा की सासूबाई झोपेपर्यंत थांबायचं, हे माझं मी ठरवतो.

आपल्याकडे काय होतं ते ऐका. आमच्या अंध वाचकांच्या गटातल्या एका ताईंनी एक आत्मकथन रेकॉर्डिंगवर ऐकलं, मग काही वर्षांनी तेच पुस्तक फोनच्या यांत्रिक आवाजात. दुसऱ्या वेळी त्यांना त्यात अख्खी पानं नवीन सापडली. पहिल्या वेळच्या वाचणाऱ्या बाईंनी शिव्या, वस्तीतली भांडणं, लग्नाच्या पहिल्या रात्रीचं वर्णन सगळं गाळलं होतं, आणि इतक्या सफाईने की सांधा कुठे कळला नाही. हेतू वाईट नसणार. एवढ्या चांगल्या मुलांना कशाला असलं ऐकवायचं, असा विचार. पण 'मुलांतल्या' आमच्या ताईंचं वय तेव्हा बावन्न होतं. आणि ज्या लेखकाने ते जगून, धीर करून लिहिलं त्याचं काय? डोळस वाचकाला ते वाचायची मुभा, आम्हाला मात्र संपादित आवृत्ती, आणि तीही न सांगता.

हा प्रश्न एकदा अमेरिकेत कोर्टात गेला होता. तिथल्या त्या राष्ट्रीय सेवेतर्फे 'प्लेबॉय' मासिकाची ब्रेल आवृत्ती निघायची. होय, तेच मासिक. ब्रेलमध्ये अर्थातच चित्रं नव्हती, नुसता मजकूर. कथा, मुलाखती, लेख. १९८५ मध्ये एका काँग्रेस सदस्याने दुरुस्ती आणून ग्रंथालयाच्या निधीतून एक लाख तीन हजार डॉलर कापायला लावले. तेवढाच त्या ब्रेल आवृत्तीचा खर्च होता. आवृत्ती बंद झाली. अंधांची संघटना आणि इतर काही जण ग्रंथालयाच्या प्रमुखांविरुद्ध कोर्टात गेले आणि १९८६ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की मजकूर आवडला नाही म्हणून अंधांची आवृत्ती बंद करणं हे त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध आहे. आवृत्ती पुन्हा सुरू झाली. मी ही हकिगत आमच्या गटात सांगितली तेव्हा टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "खरंच लेख वाचायला म्हणून ते मासिक घेणारे जगात फक्त आपलेच लोक असतील!"

इंग्लंडचंही एक सांगतो, मग परत येतो. तिथे बोलकी पुस्तकं सुरू झाली १९३५ मध्ये, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी. तबकड्यांवर वाचकांकडे गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक खुनाची कादंबरी होती आणि जोसेफ कॉनरॅडची समुद्री वादळाची गोष्ट. युद्धातून डोळे गमावून आलेल्या माणसांना कुणी धीराची प्रवचनं पाठवली नाहीत, खून कुणी केला ते शोधायला लावलं. निवडणाऱ्याला माणसं कळत होती.

आता आपल्याकडची खरी अडचण. आपल्या ग्रंथालयांवर पहिला हक्क विद्यार्थ्यांचा आहे आणि तो असायलाच हवा. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टींचा. त्यासाठी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, चालू घडामोडी, गणिताच्या युक्त्या हे सगळं लागतं. मी स्वतः रेकॉर्ड केलेल्या गाइडांवरच बँकेची परीक्षा दिली. पण नोकरी लागल्यावर काय? पंचविशीत ग्रंथालयाशी संबंध संपला की माणूस वाचक म्हणूनही संपतो. ग्रंथालयात परीक्षेचं पुस्तक आणि प्रेरणेचं पुस्तक एवढंच असेल, तर नोकरीत लागलेल्या माणसाने तिथे यावं कशासाठी?

परवानगीची अडचण आता राहिलेली नाही, हे अनेक प्रकाशकांना अजून माहीत नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अंध व्यक्तीला वापरता येईल अशा कोणत्याही रूपात पुस्तक करायला आता प्रकाशकाकडे हात जोडावे लागत नाहीत, नफा न कमावता केलं म्हणजे झालं. २०१३ चा माराकेश करार मान्य करणारा भारत हा पहिला देश, त्यामुळे अंधांना वाचता येतील अशा रूपातली सीमेपलीकडची पुस्तकंही येऊ शकतात. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. अडतं ते कायद्यापलीकडे. जुन्या मराठी पुस्तकांच्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये अडकल्या आहेत. प्रकाशक मोठ्या मनाने फाइल देतो, आमचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) ती उघडतो आणि इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा पाऊस पाडतो. मग कुणीतरी रूपांतर करतं, रफार भलतीकडे जातात, ते तपासायला डोळस माणूस लागतो, आणि पुस्तक रांगेत पडतं.

बोलक्या पुस्तकांच्या खासगी ॲपवाल्यांनी खूप केलं, हे मान्य करायला हवं. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं ते मराठी घेऊनच. आमच्यातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा पैसे मोजून पुस्तक घेतलं, सगळ्यांसारखं. तिथे कुणी आम्हाला प्रेरणा देत बसत नाही. तरीही ॲपवर खपेल तेच असणार. पन्नास वर्षांपूर्वीचा कथासंग्रह, छोट्या प्रकाशनाची कविता, समीक्षा हे ग्रंथालयानेच करायचं.

आमचा गट महिन्यातून एकदा फोनवर भरतो. जमेल तो जोडला जातो. नियम एकच ठेवलाय, पुस्तक सांगायचं ते स्वतः वाचलेलं सांगायचं. (ऐकलं की वाचलं हा वाद आमच्यात कुणी घालत नाही, तो डोळसांनी घालावा.) सांगण्याची आमची एक तऱ्हा तयार झाली आहे. गोष्ट काय, हे थोडक्यात. मग आवाज कसा आहे. निवेदक नाटक करतो का, बायकांच्या संवादाला चिरका आवाज काढतो का, हे आमच्या दृष्टीने मोठं. दुप्पट वेगाने ऐकता येतं का. प्रकरणांवर उडी मारता येते की सलग आठ तासांची एकच फाइल आहे. मधे नकाशे, फोटो असतील तर त्यांचं वर्णन केलंय की "येथे छायाचित्र आहे" म्हणून पुढे गेलेत. आणि स्पीकरवर ऐकण्यासारखं आहे की हेडफोनवर.

या गटात काय वाचलं जातं ते प्रेरणावाल्या पाहुण्यांना कळलं तर दचकतील. भुताच्या गोष्टींना तुफान मागणी. रहस्यकथा तर विचारूच नका. गावाकडच्या विनोदी कथा, पाककृती, क्रिकेटपटूंची आत्मचरित्रं. प्रवासवर्णनं चालणार नाहीत असं एका ग्रंथालयात मला ठासून सांगितलं होतं, कारण "तुम्हाला त्यात काय मिळणार?" प्रत्यक्षात आमच्या एका जन्मांध मैत्रिणीला त्याशिवाय काही लागत नाही. डोंगर कसा दिसतो यापेक्षा चढताना दम कुठे लागला, खानावळीत काय मिळालं, भाषा येत नसताना त्या माणसाने काय केलं, यात तिला रस. आणि रंगांची वर्णनं? तीही तिला आवडतात. ती म्हणते, राजवाडे आणि ड्रॅगन तरी तुम्ही कुठे पाहिलेत?

दिवाळी अंकांचं दुःख वेगळंच. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून मराठी माणसाची दिवाळी अंकांवाचून होत नाही, आणि आमच्या हातात एखाददुसरा अंक पडतो तो होळीच्या सुमारास. तोवर सगळे त्यावर बोलून मोकळे झालेले असतात. ब्रेलमध्ये २००८ पासून निघालेल्या 'स्पर्शज्ञान' पाक्षिकाने ताजं वाचण्याची चव लावली, ती आता जात नाही. अख्खा अंक नको, चार निवडक कथा आणि एक लेख दिवाळीच्याच आठवड्यात मिळाला तरी चालेल. फक्त ते चार कोणते, हे आमच्यापैकी कुणाला तरी ठरवू द्या.

ही पोस्ट वाचणाऱ्यांत रेकॉर्डिंग करणारे बरेच आहेत, मला माहीत आहे, आणि तुमच्या आवाजांवर आमची निम्मी आयुष्यं गेली आहेत. पुढचं पुस्तक निवडण्याआधी ग्रंथालयाला विचारा की हे कुणा वाचकाने मागितलंय का. सुरुवातीला लेखक, प्रकाशन, वर्ष आणि मलपृष्ठावरचा मजकूर वाचा. शिवी आली तर शिवी वाचा. एखादं पान वाचवतच नसेल तर तसं सांगून गाळा, राग येणार नाही. आणि यंदाच्या १५ ऑक्टोबरला कुठे पाहुणे म्हणून बोलावलं असेल, तर भाषण दहा मिनिटं कमी करा आणि समोरच्यांना विचारा, सध्या काय वाचताय. उत्तरं लिहून घ्यायला कागद मोठा न्या.

आमच्या गटाची या वर्षीची यादी पहिल्या कमेंटमध्ये टाकतो आहे, तास आणि निवेदकांच्या नावांसकट. त्यात तीन भुताची आहेत. त्यातलं दुसरं रात्री ऐकू नका, असं काकांचं म्हणणं आहे. ताईंच्या मते ते मुळीच भीतीदायक नाही, नुसतं लांबलंय.