लेड-अ‍ॅसिडच्या 12 युनिटपैकी रस्त्यावर किती मिळतात?

जुन्या कारचं इंजिन काढून मोटर बसवणाऱ्यांसाठी एक सल्ला सगळीकडे फॉरवर्ड होतोय: "लिथियमच्या नादी लागू नका. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या 10 लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा, झाले 12 युनिट. लिथियमचेही 12 युनिटच. अंतर तेवढंच, खर्च कमी, आगीची भीती नाही, बीएमएसची (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची) कटकट नाही." यावर विसंबून लोक कष्टाचे पैसे घालवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"अंतर तेवढंच." सगळा घोळ इथेच आहे. बॅटरीवर छापलेले 100 अँपिअर-अवर बहुधा 20 तासांच्या हिशेबाने असतात, म्हणजे 5 अँपिअरने सावकाश वापरली तर. कार अशी चालत नाही. 120 व्होल्टच्या पॅकमधून साध्या वेगातही 50-60 अँपिअर जातात, चढावर 200 च्या वर. करंट वाढला की लेड-अ‍ॅसिडची क्षमता घसरते. प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने हे 1897 मध्येच मांडलं होतं. तासाभरात रिकामी केली तर छापील आकड्याच्या साधारण 55-60 टक्केच हाती लागतात, म्हणजे 12 चे 7 युनिट. बॅटरी टिकवायची तर त्यातलेही 80 टक्केच वापरायचे. उरले साडेपाच. छोटी कार किलोमीटरला 130-150 वॉट-तास घेते, तेव्हा जेमतेम 40 किलोमीटर. एलएफपीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, 12 युनिटचा पॅक 10 युनिट सहज देतो: 70 च्या आसपास.

शिवाय वजन. त्या 10 बॅटऱ्या 300 किलोच्या घरात जातात. एलएफपीचा पॅक 100-120 किलोंत बसतो. जनरल मोटर्सच्या 1996 च्या ईव्ही1 मध्ये 26 लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या, वजन 500 किलोंच्या वर, आणि गाडी दोनच माणसांची. तीही मुळापासून इलेक्ट्रिक म्हणून बांधलेली. जुन्या हॅचबॅकचे ब्रेक आणि मागचं सस्पेन्शन या ओझ्यासाठी बनलेले नसतात.

"खर्च कमी." पहिल्या दिवशी, हो. पण चांगली डीप-सायकल, म्हणजे पुन्हापुन्हा खोलवर रिकामी करण्यासाठी बनवलेली, बॅटरी 300-500 सायकल (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या) टिकते, एलएफपी 2000 च्या पुढे. काही जण तर स्टार्टरच्याच बॅटऱ्या लावतात. त्यांच्या प्लेट पातळ असतात, इंजिन सुरू करायला काही सेकंद जोर देण्यापुरत्या. उभ्या गाडीत मीटर 12.6 व्होल्ट दाखवतो, आणि काही महिन्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबताच तोच 10 च्या खाली कोसळतो.

"आगीची भीती नाही." लिथियमच्या सगळ्या बॅटऱ्या एका माळेचे मणी नाहीत. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या एनएमसी बॅटरीपेक्षा एलएफपी जास्त तापमानापर्यंत स्थिर राहते, कारण तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो. उलट लेड-अ‍ॅसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगी पुरते. मागच्या सीटखाली, हवा जायला वाट न ठेवता या बॅटऱ्या कोंबलेल्या पाहिल्या की खरंच काळजी वाटते.

"बीएमएसची कटकट नाही." एलएफपीला बीएमएस हवाच, हे मान्य. सेल 3.65 व्होल्टच्या वर किंवा 2.5 च्या खाली जाता कामा नये, शून्य अंशाखाली चार्जिंग थांबलं पाहिजे. पण सिरीजमधल्या लेड-अ‍ॅसिडलाही लक्ष लागतंच. 10 पैकी एक कमजोर निघाली की ती आधी रिकामी होते, बाकीच्या 9 तिच्यातून करंट ढकलत राहतात आणि तिचे सेल उलटे होऊन ती कायमची जाते. डॅशबोर्डवरचा एकूण व्होल्टेज हे वेळेत सांगत नाही. लेड-अ‍ॅसिड लावलीच असेल, तर गाडी लोडवर असताना प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज वेगळा बघा.