उभा कॅक्टस मरायला वेळ घेतो, म्हणून हा सल्ला खरा वाटतो

खांबासारख्या सरळ वाढणाऱ्या कॅक्टसचा देखणा फोटो आणि त्याखाली काही ओळी, असा एक मजकूर सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. ‘याला ऊन लागत नाही, घरात कुठल्याही कोपऱ्यात ठेवा. आठवड्याला दोन चमचे पाणी पुरे. कॉम्प्युटरशेजारी ठेवलात तर रेडिएशन शोषून घेतो. रात्री ऑक्सिजन सोडून हवा शुद्ध करतो, नासानेही हे सिद्ध केलं आहे. एकदाच मोठ्या कुंडीत लावा, पुन्हा बघायला नको. बुंधा तपकिरी झाला की समजा झाड गेलं.’

यातलं एकही वाक्य बरोबर नाही. तरीही ‘आमच्याकडे असाच ठेवलाय, मस्त आहे’ असं लोक मनापासून सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. याचं कारण झाडाच्या स्वभावात आहे. तहानलेला कॅक्टस आपली रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी सालीवरची सूक्ष्म छिद्रं, दिवसरात्र मिटून घेतो आणि श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आतल्या आत पुन्हा पुन्हा वापरत राहतो. वाढ थांबते, रंग मात्र हिरवाच राहतो. मुळं पूर्ण गेलेला खांबसुद्धा साठवलेल्या पाण्यावर कित्येक महिने ताठ उभा राहू शकतो. ज्याला आपण ‘मस्त’ म्हणतो, तो बऱ्याचदा शिल्लक पुंजीवर दिवस काढत असतो.

ऊन लागत नाही, या वाक्याने होणारं नुकसान सगळ्यात मोठं, कारण ते भरून निघत नाही. पानांची झाडं अंधारात पानं गाळतात आणि उजेडात आणली की नवी पानं फुटतात. उभ्या कॅक्टसला पानंच नाहीत. प्रकाश घेण्याचं काम त्याचं खोड करतं आणि ते खोड शेंड्याकडून वाढतं. अंधाऱ्या कोपऱ्यात, त्यातही ऊब आणि पाणी दोन्ही मिळत असेल, तर शेंडा उजेड शोधत लांबत जातो. फिकट, बारीक, खोडावरच्या उभ्या धारा उथळ, काटे तोकडे. अनेकांना हीच जोमदार वाढ वाटते आणि ते आनंदाने फोटो पाठवतात. पुढे झाड उन्हात नेलं तर नवा भाग जाड येतो, पण मधली बारीक मान तशीच राहते आणि वरचं सगळं वजन तिच्यावर येतं. उंच झाडं नेमकी तिथेच वाकतात किंवा मोडतात. अशा झाडाला काठीचा आधार द्यावा लागतो, नाहीतर बारीक भाग काढून टाकून शेंडा नव्याने लावावा लागतो.

मग ऊन हवं किती? रोज किमान चार-पाच तास थेट ऊन येणारी खिडकी किंवा बाल्कनी, आणि झाड काचेच्या अगदी जवळ. खिडकीपासून दोन मीटर आत आपल्याला खोली उजळच दिसते, कारण डोळे कमी उजेडाला चटकन सरावतात. झाडाच्या वाट्याचा प्रकाश तिथे कैक पटींनी घटलेला असतो. खिडकीची सोय नसेल तर झाडांसाठीचा एलईडी दिवा रोज बारा-चौदा तास लावावा. हिवाळ्यात उजेड कमी पडत असेल, तर झाड गार आणि कोरडं ठेवून त्याची वाढच थांबवणं शहाणपणाचं. आणि हे वाचून कोपऱ्यातला कॅक्टस आजच्या आज दुपारच्या उन्हात नेऊ नका! दोन-तीन आठवडे घेऊन, आधी सकाळचं कोवळं ऊन, मग थोडं जास्त, असं सरावू द्या. एकदम उन्हात नेलं तर साल भाजून पांढुरके-पिवळट डाग पडतात आणि ते कायम राहतात.

आता दोन चमचे पाणी. वाळवंटात पाऊस चमच्याने पडत नाही. अमेरिका-मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटात सग्वारो हा प्रचंड कॅक्टस वाढतो. त्याची बहुतेक मुळं जेमतेम वीतभर खोल असतात, पण झाडाच्या उंचीइतकी लांबवर पसरलेली असतात. उन्हाळी वादळात मुसळधार सर आली की ती झपाट्याने पाणी ओढून घेतात आणि खोडाच्या धारा हार्मोनियमच्या भात्यासारख्या उघडून खोड फुगतं. नंतर येतो तो लांब कोरडा काळ. म्हणजे भरपूर पाणी, मग पूर्ण कोरड. चमच्यांचा हिशेब यात कुठेच नाही. शिवाय उभे कॅक्टस सगळेच वाळवंटातले नसतात. सॅन पेद्रो नावाने ओळखला जाणारा कॅक्टस इक्वाडोर आणि पेरूमधल्या अँडीजच्या उतारांवरचा, साधारण २००० ते ३००० मीटर उंचीवरचा. सग्वारोचं रोप पहिल्या आठ वर्षांत कसंबसं तीन-चार सेंटिमीटर होतं, तर सॅन पेद्रो चांगल्या उन्हापाण्यात वर्षाला ३० सेंटिमीटरही वाढू शकतो. दोघांना एकच माप लावणं हा दोघांवरही अन्याय आहे.

कुंडीत चमच्याने पाणी घातलं की फक्त वरचा थर ओला होतो. खालची तंतुमुळं सुकून मरतात आणि पाण्यातले क्षार वरच साचत जातात. काही महिन्यांनी खोड आक्रसतं, घरातल्या कुणाला तरी दया येते आणि तांब्याभर पाणी पडतं. ते शोषायला मुळंच उरलेली नसतात, म्हणून माती ओली राहते आणि बुंधा कुजतो. मग ‘पाणी जास्त झालं’ असा निष्कर्ष निघून चमच्यांचा सल्ला आणखी पक्का होतो. खरं तर मूळ दुखणं पाणी कमी पडल्याचं असतं.

वाढीच्या दिवसांत कुंडीच्या तळातून पाणी निथळेपर्यंत घाला, बशीतलं पाणी ओतून द्या आणि माती तळापर्यंत कोरडी होईपर्यंत थांबा. बांबूची काडी तळापर्यंत खुपसून काढली की ओल कळते; कुंडी उचलून वजनाचा अंदाजही येतो. याला आठवडा लागेल की तीन आठवडे, ते ऊन, हवा आणि कुंडी ठरवतात. थंडीत पाणी जवळजवळ बंद.

रेडिएशनचं उत्तर थोडक्यात देता येतं. झाड त्याच्या अंगावर जे पडतं तेवढंच शोषू शकतं. शेजारून जाणारं काही ते स्वतःकडे ओढून घेत नाही. पडद्यावरून तुमच्याकडे येणारा प्रकाश सरळ तुमच्याकडे येतो, आणि बाजूला उभा असलेला कॅक्टस त्या वाटेत नसतोच. जुन्या, काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये थोडे क्ष-किरण निर्माण होत आणि ते अडवण्याचं काम त्या नळीची जाड काच करत असे. आजच्या सपाट पडद्यांत ती नळीच नाही. कॉम्प्युटरचं टेबल बहुधा खिडकीपासून लांब असतं, त्यामुळे या दाव्याची किंमत झाड बारीक मानेने चुकवतं.

रात्रीच्या ऑक्सिजनचा दावा मात्र एका खऱ्या आणि फार सुंदर गोष्टीवरून निघालेला आहे. कॅक्टस रंध्रं रात्री उघडतो, कारण दिवसाच्या उन्हात ती उघडली तर पाणी उडून जाईल. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा, रंध्रं मिटून, त्यापासून साखर बनवतो. पानफुटीही असंच करते. तिची पानं सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात, हे बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाचं निरीक्षण १८१५ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. पण ऑक्सिजन तयार होतो तो प्रकाशाच्या ऊर्जेने पाण्याचे रेणू फुटतात तेव्हा. अंधारात ते घडत नाही. रात्री कॅक्टस कार्बन डायऑक्साइड आत घेतो हे खरं, ऑक्सिजन बनवतो हे खोटं. तहानेने रंध्रं मिटलेला कॅक्टस तर खोलीतून काही घेतही नाही.

नासाचा १९८९ चा अहवाल होता तो बंदिस्त पेट्यांमध्ये ठेवलेल्या झाडांचा. त्यात बेंझिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी रसायनं हवेतून किती कमी होतात ते पाहिलं होतं, आणि त्या झाडांमध्ये उभा कॅक्टस नव्हता. अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये आला. साध्या हवा खेळण्याने घरात जेवढा फरक पडतो, तेवढा झाडांनी पाडायचा तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्याचा हिशेब होता. रंध्रांच्या या वेळापत्रकातून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: रात्र गार असेल तर कॅक्टसचं काम चांगलं चालतं, म्हणून त्याला रात्रंदिवस सारख्याच गरम खोलीत कोंडू नये.

मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर रुंद कुंडी घ्या आणि दर दोन-तीन वर्षांनी बदला. उंच खांब कलंडेल ही भीती योग्यच आहे, पण त्यावर उपाय जड मातीच्या कुंडीचा किंवा कुंडी दुसऱ्या जड भांड्यात बसवण्याचा. मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग जाडी वाळू, बारीक खडी किंवा पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) असावा. बारीक वाळू मात्र निचरा बुजवते. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका, तुटलेली मुळं सुकू द्या.

राहिला तपकिरी बुंधा. वय वाढलं की साल खालून वर खडबडीत, लाकडासारखी होत जाते. ते झाडाचं म्हातारपण आहे, रोग नाही. जाड हातमोजा घालून दाबून बघा. टणक आणि कोरडं असेल तर काळजी नको. मऊ, ओलसर, काळपट आणि वास येत असेल तर ती कूज, आणि मग त्याच दिवशी कापायला हवं. त्याआधी एक खात्री करा: उभ्या कॅक्टसचे काटे लवेच्या छोट्या गादीतून निघतात आणि कापल्यावर पांढरा चीक येत नाही. चीक आला तर ते कॅक्टससारखं दिसणारं, पण युफोर्बियाच्या वेगळ्या कुळातलं झाड आहे. तो चीक कातडीला आणि विशेषतः डोळ्यांना फार त्रास देतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा.

सुरी निर्जंतुक करून कुजलेल्या भागापासून वर सरकत चकत्या घेत जा. कापाच्या मधोमध दिसणाऱ्या कड्यावर तपकिरी किंवा नारिंगी ठिपका उरेल तोवर थांबू नका. निरोगी शेंडा सावलीत, उभाच ठेवून, दोन ते चार आठवडे सुकवा. आडवा ठेवला तर वाकतो. काप कडक झाला की कोरड्या मिश्रणात रोवा आणि मुळं धरू लागल्यावरच पाणी द्या. खालचा बुंधा निरोगी असेल, म्हणजे बारीक मान काढण्यासाठी कापलं असेल, तर तोही जपा; त्याच्या कडेने सहसा नवे फुटवे येतात.