'हळू चालतं म्हणून झिजत नाही': जुन्या डिझेल इंजिनाच्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज शेतकऱ्यांच्या आणि फार्महाऊसवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. माझ्याकडेच तो पाच जणांकडून आला. मजकूर साधारण असा: 'जुनं 6 हॉर्सपॉवरचं स्लो स्पीड इंजिन घ्या, डायनॅमो जोडा, लाईटबिल कायमचं बंद. हे इंजिन हळू चालतं म्हणून झिजत नाही. लोड जितका कमी तितकं आयुष्य जास्त. थंड पाणी सोडत राहा, बाकी काही बघायला नको. खायचं तेल, जळकं ऑईल, काहीही पितं. ओट्यावर बसवा, घराच्या कोपऱ्यातही चालतं. लहान पोरगंही चालू करतं.'

आमची वस्ती पाटण तालुक्यात डोंगरावर आहे. लाईन अजून वर आलेली नाही आणि पावसाळे आम्ही असल्याच इंजिनावर काढतो. या इंजिनावर माझा जीव आहे, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेजमध्ये इंजिनाचं केलेलं कौतुक बरंचसं खरं आहे. चालवायची रीत मात्र अशी सांगितली आहे की चांगलं इंजिन दोन पावसाळ्यांत भंगारात जाईल.

हळू चालण्याचं आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने 1930च्या आसपास या जातीचं इंजिन आणलं आणि पुढे त्याचंच 6 हॉर्सपॉवरचं रूप आलं: एक सिलिंडर, मिनिटाला 650 फेरे. राजकोटला त्याच्या नकला आजही ओतल्या जातात. आपल्याकडच्या 1500 फेऱ्यांच्या पंपाच्या इंजिनाशी तुलना केली तर फेरे निम्म्याहून कमी, म्हणून पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) घासतात कमी. पण या जातीच्या इंजिनात बेअरिंगला ऑईल उडवून पोचवतात, फिल्टर नसतो. चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑईलच्या पेटीत, जी घाण असेल तीच फिरत राहते.

आमचं इंजिन नवं कोरं आलं तेव्हा फिटर म्हणाला, आधी चेंबरचं झाकण काढा. आत हात घालून तळाच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं तर नखाखाली काळी वाळू आली. ओतकामाची. ती चेंबरच्या भिंतींना रंगाखाली चिकटलेली होती. अख्खा दिवस घासून, डिझेलने धुऊन काढली आणि मगच ऑईल भरलं. तसंच चालू केलं असतं तर तीच वाळू बेअरिंगमध्ये जाऊन बसली असती. तेव्हापासून दर 100 तासांनी ऑईल बदलतो आणि प्रत्येक वेळी सुती फडक्याने तळ पुसतो. इंजिन हळू चालतं याचा फायदा ऑईल स्वच्छ असेल तरच मिळतो.

आता सगळ्यात घातक वाक्य: 'लोड कमी तर आयुष्य जास्त.' बैलाच्या बाबतीत हे खरं असेल, डिझेल इंजिनाच्या बाबतीत उलट आहे. डिझेलला ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत ते पेटतं. लोड नसला की थोडंच डिझेल जातं, सिलिंडर पुरेसा तापत नाही आणि जे जातं तेही पूर्ण जळत नाही. न जळलेलं डिझेल रिंगांच्या बाजूने खाली उतरतं आणि ऑईल पातळ करतं. लायनरला काचेसारखी चकाकी येते, रिंगा धरत नाहीत, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सुटतं.

आमचा पहिला पावसाळा असाच गेला. संध्याकाळी 4 एलईडी, टीव्ही, पंखा आणि मोबाईल. सगळं मिळून 300 वॅटही नाही, आणि इंजिन 3 किलोवॅट सहज देणारं. रोज 5 तास चालवायचो. गणपतीच्या सुमारास सायलेन्सरच्या जोडातून काकवीसारखं काळं, चिकट काहीतरी ठिबकायला लागलं. ऑईल मोजायच्या कांडीवर पातळी चढलेली दिसली. मला वाटलं आपणच जास्त ओतलं. हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) काढल्यावर कळलं: एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या देठावर कार्बनचा थर आणि चेंबरमध्ये डिझेलच्या वासाचं, पाण्यासारखं पातळ ऑईल. ही चढलेली पातळी साधी गोष्ट नाही. फार वाढलं तर इंजिन स्वतःचं ऑईल ओढून जाळायला लागतं, रेस होतं, म्हणजे बेफाम वेग धरतं, आणि तेव्हा डिझेलचा कॉक बंद करून काही होत नाही. हवेचं तोंड दाबून बंद करावं लागतं, हाताने नाही, फळीने.

उपाय लोड वाढवण्याचा आहे. लोड निम्म्याच्या वर हवा, 70-80 टक्के असला तर उत्तम. आता आम्ही 48 व्होल्टच्या बॅटऱ्या ठेवल्या आहेत. संध्याकाळी 2 तास इंजिन चालतं, त्यावर चार्जर आणि घरघंटी एकदमच लावतो. मग इंजिन बंद, रात्रभर घर इन्व्हर्टरवर. दिवाळीनंतर सोलर पुरतं, इंजिनाची खरी गरज आषाढ-श्रावणातच. सायलेन्सर आता कोरडा आहे.

यातच लाईटबिलाचंही उत्तर आहे. 1 लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट उष्णता असते. इंजिन आणि डायनॅमो मिळून चांगल्या लोडवर त्यातली 2 ते अडीच युनिटं वीज हातात येते. डिझेल 90 रुपयांच्या आसपास धरलं तर युनिट 40 रुपयांच्या घरात. 300 वॅटवर चालवलं तर लिटरमागे एक युनिटही येत नाही, कारण नुसतं स्वतःला फिरवत ठेवायलाही इंजिन डिझेल पितं. जिथे लाईन आहे तिथे बिल वाचवायला कुणी हे इंजिन घेऊ नये.

'थंड पाणी सोडत राहा' ही सवय विहिरीवरच्या इंजिनांमुळे लागली. पंपाच्या पाईपातून एक नळी काढायची, इंजिनातून फिरवायची, पाटात सोडायची. सोपं आहे, पण विहिरीचं गार पाणी सतत आत गेलं की इंजिन कधी तापतच नाही. लिटरभर डिझेल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून गेलं पाहिजे. सिलिंडर गार राहिला तर त्यातलं थोडं भिंतींवर ओल धरतं आणि ऑईलमध्ये उतरतं. ऑईलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर हेच झालेलं असतं. आम्ही 200 लिटरचा बॅरल बसवला आहे. बॅरलच्या तळातून एक पाईप इंजिनाच्या खालच्या तोंडाला, हेडमधून दुसरा पाईप बॅरलच्या वरच्या भागात. गरम पाणी आपोआप वर चढतं, पंप लागत नाही. दोनच गोष्टी सांभाळायच्या: वरचा पाईप इंजिनापासून बॅरलपर्यंत सतत चढता असावा आणि बॅरलमधलं पाणी त्या पाईपच्या तोंडाच्या वर असावं. पातळी खाली गेली की फिरणं थांबतं आणि हेड तापतं. मध्ये थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत वाट अडवणारी झडप) टाका. चांगलं चालत असताना हेडच्या पाण्याच्या पाईपला हात लावला तर चटकन मागे घ्यावा लागतो. तिथे हात सुखाने टेकत असेल तर इंजिन गार आहे.

'काहीही पितं' याला पुरावा म्हणून 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनातलं शेंगदाण्याच्या तेलावरचं इंजिन पुढे करतात. ते खरं आहे. पण वनस्पती तेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असतं. गार तेल नोझलमधून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडातून) फवारा होऊन न पडता धार होऊन पडतं, आणि पुन्हा तोच कार्बन. वापरायचंच असेल तर गाळून, पाणी काढून, 70-80 अंशांपर्यंत तापवून, आणि चालू-बंद मात्र साध्या डिझेलवर. जळक्या ऑईलला तर मी टाकीजवळही येऊ देत नाही. इंजिनाच्या डिझेल ढकलणाऱ्या पंपाच्या प्लंजरमध्ये (आत सरकणाऱ्या दांड्याभोवती) फट 2-4 मायक्रॉनची असते आणि जळक्या ऑईलमध्ये बेअरिंगचा कीस असतो. डिझेलसुद्धा डब्यात एक दिवस निवळू द्यावं आणि तळ न हलवता वरचं घ्यावं. नोझल-प्लंजरची बरीचशी दुखणी पाण्याची असतात.

बसवण्याबद्दल थोडक्यात. इंजिन एकटं साडेतीनशे किलोच्या आसपास, त्यात दोन जड चाकं. विटांचा ओटा महिन्यात भेगाळतो. खाली काँक्रीटचा ठोकळा इंजिनाच्या काही पट जड हवा आणि बोल्ट त्यात वाकवून रोवलेले. 4 पोलच्या (चार चुंबकी ध्रुवांच्या) डायनॅमोला 1500 फेरे लागतात, म्हणून 24 इंची चाकावरून पट्टा घेतला तर डायनॅमोची पुली साधारण साडेदहा इंची येते. पट्टा थोडा घसरतो, तेव्हा गणितावर विसंबू नका, फ्रिक्वेन्सी मीटर लावा. बिनलोड 52, लोडवर 50 हर्ट्झ येईल असा गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) लावा.

घराच्या कोपऱ्यात कधीच नको. धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळत नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 साली जाहीर केलं. वेगळी शेड बांधा, सायलेन्सरचा पाईप घरापासून लांब, वारा धूर घराकडे आणणार नाही अशा बाजूला काढा.

आणि लहान पोराच्या हातात हँडल देऊ नका. डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) उचलून वेग धरेपर्यंत फिरवायचं, मग लिव्हर सोडायचा. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला वेढा घालून नाही, कारण इंजिन उलटं फिरलं तर अंगठा जातो. हँडल शाफ्टवर अडकून फिरायला लागलं तर पकडायला जायचं नाही, लांब सरकून डिझेल बंद करायचं. आमच्याकडे चाकांना आणि पट्ट्याला पुरुषभर उंचीची जाळी आहे, तिला कडी आहे, आणि पदर खोचल्याशिवाय किंवा मफलर काढून ठेवल्याशिवाय कुणी आत जात नाही.