मच्छीमारांची सुटका ही मेहेरबानी नव्हे

1 जुलै 2025 ला भारत आणि पाकिस्तानने आपापल्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या. मे महिन्यातला लष्करी संघर्ष थांबून दोन महिनेही झाले नव्हते. तरी याद्या ठरल्या दिवशी पोचल्या, कारण 2008 च्या करारात दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला त्या द्यायच्या असं ठरलंय. म्हणजे मनात आणलं तर इतक्या कडवटपणातही करार पाळता येतो. मग त्याच करारातलं दुसरं कलम का पाळलं जात नाही? शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याभरात माणूस घरी पाठवायचा, असं ते कलम सांगतं. त्या यादीत पाकिस्तानकडे आपले 193 मच्छीमार होते. शिक्षा भोगून झालेल्या 159 मच्छीमारांना आणि इतर नागरी कैद्यांना सोडा, अशी मागणी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला त्याच दिवशी करावी लागली.

महाराष्ट्रात बहुतेकांना हा गुजरातचा प्रश्न वाटतो. तो पालघरचाही आहे. डहाणू-तलासरीकडचे कितीतरी आदिवासी तरुण हंगाम सुरू झाला की ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. किनाऱ्याजवळची मासळी घटली तशा बोटी सिंधूच्या मुखाकडे सरकू लागल्या. कधी इंजिन बंद पडतं आणि पाण्याची ओढ बोटीला पलीकडे नेते. कधी मासळीसाठी जाणूनबुजून हद्द ओलांडली जाते, हेही खरं. पण बोट कुठे न्यायची हे मालक आणि तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, ठरवतात. जाळं ओढणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षं मात्र त्याचीही जातात. इकडे घरात कमावणारं कोणी उरत नाही. 2024 मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीत कैदेतच मृत्यू झाला. त्याचा मृतदेह गावी आला तो महिना उलटून गेल्यावर. मला याचा संताप येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

कच्छ आणि सिंधच्या मधल्या सर क्रीक खाडीच्या हद्दीचा वाद मिटल्याशिवाय हे सुटणार नाही, असं ऐकवलं जातं. 96 किलोमीटरच्या त्या खाडीचा वाद 1968 च्या कच्छ लवादानेही बाजूलाच ठेवला होता. तो मिटेपर्यंत माणसांनी आत राहायचं का? संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कायद्याचं कलम 73 स्पष्ट आहे: किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडच्या विशेष आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला, तर देशादेशांत तसा करार असल्याशिवाय तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. या कायद्याला भारताने 1995 मध्ये मान्यता दिली, पाकिस्तानने 1997 मध्ये.

सुरक्षेचा मुद्दा मी हलका मानत नाही. 26/11 चे हल्लेखोर पोरबंदरची 'कुबेर' बोट पळवूनच मुंबईपर्यंत आले होते. म्हणून बोट अडवा, झडती घ्या, प्रत्येकाची ओळख तपासा. पण तो मच्छीमारच आहे याची खात्री पटल्यावर त्याला कोठडीत ठेवून देशाची सुरक्षा कणभरही वाढत नाही.

आणि त्याच दिवशी आपल्या यादीत असलेले 81 पाकिस्तानी मच्छीमार? तेही सिंधच्या किनाऱ्यावरचे असेच हातावर पोट असलेले लोक. ज्यांची शिक्षा संपली आहे त्यांना भारताने समोरच्याची वाट न पाहता सोडावं, असं माझं ठाम मत आहे. सण किंवा नेत्यांची भेट गाठून चार-दोन माणसं सोडायची आणि त्याला सदिच्छा म्हणायचं, हे दोन्ही सरकारांनी थांबवावं. कैद्यांसाठी दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती 2007 मध्ये नेमली होती. ती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायची, सुटकेच्या शिफारशी करायची. तिची शेवटची भेट 2013 ची.

पुढची यादी येईल तेव्हा पालघरच्या खासदारांनी लोकसभेत दोनच प्रश्न विचारावेत: शिक्षा संपूनही आत असलेल्यांत आपल्या जिल्ह्यातले किती, आणि ही समिती पुन्हा कधी बसणार?